दार हीच फूटपट्टी

संपादकांनी एवढंच सांगितलं होतं, 'नाशकात जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारं कुणी असेल तर बघून ये.' सातपूरच्या ज्या शेडमध्ये मी पोचले तिथे उभं काहीच नव्हतं. स्टँडवर ठेवलेली एक प्रीमियर पद्मिनी, काचा नाहीत, चाकं नाहीत, सीट नाहीत. दारं मात्र चारही जागेवर. आणि आत, दारांच्या खांबांमध्ये आडव्या-तिरक्या लोखंडी नळ्या वेल्ड केलेल्या.

"सगळं खोललंत, मग दारंच का ठेवली?"

"ताई, दार हीच माझी फूटपट्टी," मिस्त्री म्हणाले.

मूळची ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिला सगळा महाराष्ट्र ओळखतो. मुंबईत ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. इतिहास एवढा पुरे, कारण माझी नजर त्या नळ्यांवरून हलत नव्हती.

मिस्त्रींचा हात बसला तो जीपवर. महिंद्राचा कारखाना इथेच सातपूरला, त्यामुळे नाशकातल्या जुन्या मिस्त्रींना जीप पाठ. जीपची चासी वेगळी, बॉडी वेगळी. बोल्ट काढा, बॉडी उचलून बाजूला ठेवा, चासी साफ करा. पद्मिनीला वेगळी चासीच नाही. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. दाराखालचा उंबरा वजन पेलतो, आणि नेमका तोच मॅटखाली मुरलेल्या पाण्याने आतून सडतो. जीपच्या सवयीने दोन्ही उंबरे एकदम कापले की गाडी मधोमध बसते. जराशीच, पण नंतर दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून आधी नळ्या. मग एका बाजूचा उंबरा, प्रत्येक टाक्यानंतर दार लावून फट बघायची. ती जुळली की दुसरी बाजू, मग फ्लोअर.

कामाचा क्रम ते वहीत उलटा लिहितात, शेवटापासून. शेवटी काच. काचेआधी छताचं कापड, कारण त्याची कड काचेच्या रबराखाली जाते. कापडाआधी वायरिंग. वायरिंगआधी रंग. रंगाआधी बंपर, ग्रिल, बॉनेट सगळं एकदा कच्चं जोडून बघायचं; रंगानंतर पाडलेल्या भोकातून गंज सुरू होतो. असं मागे मागे जात पहिल्या पानावर पोचावं, तर तिथे चासी नंबरची पेन्सिल छाप. पत्रा घासण्याआधी ती घेतली नाही तर आरटीओत गाडी कुणाची हेच सिद्ध करता येत नाही. ही वही मला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा शहाणी वाटली.

मग अडचणी निघाल्या आणि वही मागे पडली. इंजिनचा ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवायचा सर्वांत आधी, कारण पिस्टन आणि बेअरिंग शोधण्यात महिने जातात. पण इंजिन बांधायचं अगदी उशिरा. बांधून कोपऱ्यात पडलं तर सिलिंडरला गंज धरतो, रिंगा चिकटतात. बॅटरी आणि टायरही शेवटी, नाहीतर पडून पडून म्हातारे होतात. मालकाला मात्र टायर आधी हवे असतात, गाडी 'गाडीसारखी' दिसावी म्हणून!

कुणीतरी मालकाला डिझेल इंजिन बसवायचा सल्ला दिला होता. मिस्त्री नाही म्हणाले. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. पण इंजिन, चासी किंवा बॉडीत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. 'पद्मिनी' नावाच्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्येच पन्नाशी गाठली. ही गाडी त्यांच्याहून आठ वर्षांनी धाकटी आहे. घाई नाही, पण चूक आज केली तर ती तेव्हा भोवेल.

खरी घाई पावसाची. शेडला पेंट बूथ नाही. दमट हवेत एनसी रंग पांढुरका पडतो, म्हणून जून ते सप्टेंबर रंग बंद. त्या काळात पत्राकाम उरकावं, तर कापलेला उघडा पत्रा चार दिवसांत तांबूस होतो. रोजच्या रोज प्रायमर मारावा लागतो. त्यात पैसे थांबले की काम थांबतं. शेडच्या मागे ताडपत्रीखाली अजून दोन गाड्या आहेत. खोलून झालेल्या. त्यांचे नटबोल्ट डब्यांत आहेत, डब्यांवरच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्यात.

पद्मिनीच्या मालकाला गाडीची पूजा दसऱ्याला करायची आहे. मिस्त्रींनी वहीच्या शेवटच्या पानावर 'दसरा' लिहिलंय. साल लिहिलेलं नाही.