शेतातलं मीठ जातं कुठं?

बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकच्या आसपास नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला, मार्च-एप्रिलात, एखादं रान राख पसरल्यासारखं पांढरं दिसतं. बांधाकडेचा ऊस डोक्याच्या वर गेलेला आणि खोलगटीतला गुडघ्याएवढा, पानांचे शेंडे करपलेले. अशा वेळी शेतकरी म्हणतो, रानाला मीठ फुटलंय.

हे मीठ कुणी आणून टाकलेलं नाही. ते आपणच पाजलेलं असतं, गोड पाण्यातून. उसाला वर्षात दोन मीटर पाणी दिलं तर एकरी ते सुमारे 80 लाख लिटर भरतं. लिटरमागे फक्त 200 मिलिग्रॅम क्षार धरले, तरी दीड टनाच्या वर मीठ झालं. म्हणजे 50 किलोची 32 पोती, दर एकरी, दर साल. पाणी ऊस पितो आणि ऊन उडवून नेतं. मीठ मागे राहतं. खाली मुरायला वाट असेल तर ते पाण्याबरोबर निघून जातं. काळ्या चिकण जमिनीत ती वाट नसते. भूजल वर चढत मुळांशी येतं, जमीन चिबड होते, उन्हाळ्यात पाणी वर ओढलं जातं आणि क्षार पृष्ठभागावर साठतात.

बारामतीला हे नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघर धरण झालं, डावा कालवा वाहू लागला आणि मागोमाग पाणथळ जमिनीही आल्या. आज खडकवासल्याला असलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 मध्ये मुंबई इलाख्यानं सुरू केलं, ते मुळात सिंचन आणि शेतीचा मेळ घालायला.

उपाय काय, तर जमिनीखाली वाट करून द्यायची. साधारण तीन-चार फुटांवर चर खणून फिल्टरचं कापड गुंडाळलेला सच्छिद्र पाइप टाकतात. अशा ओळी एका मोठ्या पाइपाला जोडतात आणि त्याचं तोंड ओढ्यात काढतात. वरून पाणी दिलं की क्षार विरघळून खाली पाइपात उतरतात. जमीन नुसती खारवट असेल तर एवढ्यानं भागतं. चोपण असेल, म्हणजे सोडियमनं माती घट्ट बसली असेल, तर आधी जिप्सम आणि ताग-धैंचाचं हिरवळीचं खत हवं, नाहीतर पाणी पाइपापर्यंत पोचतच नाही. जिप्सम किती, ते माती तपासल्याशिवाय ठरवू नये. शेजाऱ्यानं टाकलं म्हणून आपण टाकलं, हा खर्च बहुतेकदा वाया जातो.

एकट्यानं हे काम होत नाही, कारण पाइपाचं तोंड दुसऱ्याच्या रानातून न्यावं लागतं. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ते केलं. साखर कारखाना अशा कामाला सोयीचा असतो: ऊस त्यालाच जातो, त्यामुळे कर्जाचा हप्ता ऊसबिलातून कापता येतो.

पण ओढ्यात गेलेलं मीठ पुढे कुठं जातं? नीरेत. आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळण्याआधी तिचंच पाणी इंदापूरकडची रानं पितात. एकाचं रान धुतलं, तर दुसऱ्याच्या पाण्यात मीठ मिसळलं.

याचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या हंटर नदीनं घातलाय. तिथं खारं पाणी येतं कोळशाच्या खाणींतून आणि वीजकेंद्रांतून. त्या पाण्यासाठी 1995 मध्ये एक योजना चालू झाली. सरकार मर्यादा ठरवतं आणि नदी मोजतं; खर्च खाणी आणि वीजकेंद्रं भरतात. नदी बारीक असेल त्या दिवशी खारं पाणी सोडायला बंदी. प्रवाह मोठा असेल तेव्हा ठरल्या हिश्शानं सोडायचं. एकूण हिस्से 1000, आणि ते एकमेकांना विकता येतात. पूर असेल तर मोकळीक, पण सिंगलटन गावापाशी पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, सेंटिमीटरमागे 900 मायक्रोसिमेन्सच्या वर जाता कामा नये.

ही खरेदी-विक्री आपल्याकडे चालेल असं मला वाटत नाही. तिथं मोजक्या खाणी, प्रत्येकीला व्हॉल्व्ह. इथं हजारो बांध आणि आपोआप वाहणारे पाइप. घेण्यासारखी आहे ती नदीचा प्रवाह बघून पाणी सोडायची रीत. सामुदायिक पाइप एका विहिरीत सोडला आणि तिथं पंप बसवला, तर निचऱ्याचं पाणी काही दिवस थोपवता येतं आणि नीरेवरच्या वीर धरणातून पावसाळी विसर्ग सुटला की नीरेत सोडता येतं. विहीर लहान असेल तर सगळं मावणार नाही, हे खरं. पण उन्हाळ्यात, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या लागलेल्या असताना तेच पाणी नदीत ओतलं, तर ते तिथंच साचतं.

पाइपासाठी सभा बोलवाल तेव्हा ठेकेदाराला दर विचाराच, पण त्याआधी त्याच्याबरोबर चालत जाऊन पाइपाचं तोंड कुठं निघणार, ते बघून या.