गर्दीत फोन लागला नाही तर?

पर्वणीच्या दिवशी रामकुंडाजवळ एखाद्या आजोबांच्या छातीत कळ आली, तर सोबतचा नातू आधी खिशातला फोन काढेल. त्यावरूनच १०८ ला बोलावणे, नकाशात वैद्यकीय केंद्र शोधणे, औषधाचे पैसे देणे आणि आजोबांच्या गोळ्यांची नावे घरी विचारणे. पूर्वी यातले प्रत्येक काम वेगळ्या वाटेने होत असे. आता सगळ्या वाटा एका टॉवरवर येऊन मिळाल्या आहेत.

ही सोय नाकारण्यात अर्थ नाही. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत नाशकात ३९ भाविक गेले, आणि गर्दी वेळीच मोजता येणे किती महत्त्वाचे आहे ते शहराला कळले. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे, एमआयटीतील प्राध्यापक रमेश रासकर यांच्या 'कुंभथॉन' उपक्रमात इथली शाळकरी मुलेही सामील झाली. त्यांतल्या निलय कुलकर्णीने 'अशिओटो' ही पावले मोजणारी चटई केली. तिने १८ तासांत सुमारे पाच लाख माणसे मोजल्याचे त्याने नंतर टेड व्याख्यानात सांगितले. त्याच सिंहस्थात रुग्णांच्या नोंदी टॅबलेटवर घेऊन आजारांवर नजर ठेवण्याचाही प्रयोग झाला. जुलाबाचे रुग्ण कुठल्या भागातून वाढताहेत हे त्याच दिवशी कळले, तर तिथले पाणी त्याच दिवशी तपासता येते. कागदी रजिस्टरांची बेरीज होईपर्यंत साथ वाट बघत नाही.

पण टॉवर एका वेळी ठरावीकच फोन पेलतो. स्नानाचे व्हिडिओ लाखो हातांतून एकदम निघाले की तो गुदमरतो आणि रुग्णवाहिकेचा फोनही त्या गर्दीत अडकू शकतो. रेंज शोधता शोधता फोनची बॅटरीही लवकर उतरते. एकत्र आलेल्या सोयी बंदही एकत्रच पडतात. हृदय थांबल्यावर मदतीविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. अशा वेळी 'पुन्हा प्रयत्न करा' हे ऐकत उभे राहणे परवडत नाही. शेजारच्याने छाती दाबायला सुरुवात करावी, दुसऱ्याने पोलिसाकडे धावावे. त्याच्या वायरलेसला मोबाइलचा टॉवर लागत नाही. बोलणे होत नसेल, तर घरच्यांना साधा एसएमएस करून पाहावा. त्याला जागा फार कमी लागते.

येत्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. नियंत्रण कक्ष, कॅमेरे, ॲप यांची चर्चा होईल, व्हायलाच हवी. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र नाव, गाव, आजार, गोळ्या व त्यांचे प्रमाण आणि दोन नातेवाइकांचे नंबर एका कागदावर लिहून खिशात ठेवावेत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा. आपला कुंभ भर पावसाळ्यात असतो.