घरातला ऑक्सिजन: यंत्र आणि काळजी
सीओपीडीसारख्या फुप्फुसांच्या जुनाट आजारात काही ज्येष्ठांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. यंत्रातले झिओलाइटचे बारीक खडे दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात; नळीतून साधारण ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध ऑक्सिजन मिळतो.

धाप लागली म्हणून प्रवाह परस्पर वाढवू नका, डॉक्टरांना कळवा. सीओपीडीत जादा ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. म्हणून ऑक्सिमीटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचं बहुधा ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य ठरवतात.

यंत्राजवळ देवाचा दिवा, उदबत्ती, विडी अजिबात नको. वीज गेली की यंत्र थांबतं. म्हणून ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर हाताशी हवाच.