खरी मंडळी कोणती? शास्त्र आणि पहिली चार शतके



गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी आमच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली. त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पुढे दृढीकरणही झालं. लग्नानंतर त्या सासरच्या मंडळीत जाऊ लागल्या. तिथले पाळक म्हणतात, ‘तुमची जुनी मंडळी खरी नव्हे, म्हणून तिथला बाप्तिस्माही खरा नव्हे. ईस्टरच्या आत पुन्हा घ्या.’ इकडे आई रडते. म्हणते, ‘तू पुन्हा घेतलास तर आम्ही सगळे खोटे ठरलो.’ चिठ्ठीच्या शेवटी एकच ओळ होती: मग खरी मंडळी कोणती?

आजचा विषय आम्ही दुसराच ठरवला होता, तो बाजूला ठेवतो. ही अडचण एकट्या ताईंची नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. इंग्लंड आणि अमेरिकेत त्यांना इतके ख्रिस्ती पंथ भेटले, आणि जो तो आपलंच खरं म्हणत होता, की त्या गोंधळून गेल्या. हे त्यांनी आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

तर आधी शब्द पाहू. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून एकत्र केलेली सभा. इमारत नव्हे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ मध्ये इफिस शहरात दंगल होते. तिथला अधिकारी म्हणतो, तक्रार असेल तर रीतसर सभेत मांडा. त्या नागरी सभेलाही हाच शब्द आहे. आपल्या गोव्यात देवळाला ‘इगर्ज’ म्हणतात ना, तो शब्द पोर्तुगीजांमार्फत ह्याच एक्लेसियापासून आला. पण अर्थाला धरून पाहिलं तर आपला मराठी ‘मंडळी’ हा शब्द अधिक जवळचा. ‘काय मंडळी, कसं काय?’ असं आपण माणसांना विचारतो, भिंतींना नाही.

चारही शुभवर्तमानांत हा शब्द फक्त दोन अध्यायांत येतो, आणि दोन्ही मत्तयात. सोळाव्या अध्यायात प्रभू पेत्राला आणि खडकाला उद्देशून बोलतो. ते वचन सगळ्यांना पाठ असतं, कारण त्यावर वाद घालता येतो. अठराव्या अध्यायात मात्र भावाने भावाचा अपराध केला तर काय करायचं ते सांगितलं आहे: आधी एकट्याने जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. तिथे प्रभू गृहीतच धरतो की मंडळीत भांडणं होणार.

आणि झालीच. करिंथची मंडळी पाहा. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा, तिसरा केफाचा, आणि चौथा सगळ्यांवर कडी करून म्हणतो, मी ख्रिस्ताचा. पाचव्या अध्यायात अनीती आहे, सहाव्यात भाऊ भावाला कोर्टात खेचतो आहे. अकराव्यात प्रभुभोजनाला आलेला एक जण उपाशी राहतो, दुसरा पिऊन तर्र. पंधराव्या अध्यायापर्यंत येतो तर काहींना मेलेल्यांचं पुनरुत्थानच मान्य नाही! आज अशी मंडळी दिसली तर आपण काय म्हणू? ‘ही खोटी, चला दुसरी काढू.’ पौल काय करतो? पत्राच्या दुसऱ्याच वचनात तो त्यांना देवाची मंडळी म्हणतो, आणि मग सोळा अध्याय कान उपटतो. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत.

त्याच पहिल्या अध्यायात तो त्यांना विचारतो, तुमचा बाप्तिस्मा काय पौलाच्या नावाने झाला होता? ताई, हा प्रश्न ध्यानात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येऊ.

ही मंडळी काही चटकन सुधारली नाही. सुमारे इ.स. ९६ मध्ये रोमच्या मंडळीने करिंथला एक लांबलचक पत्र लिहिलं. क्लेमेंटचं पत्र म्हणून ते आजही मिळतं. कारण काय, तर तिथल्या काही जणांनी वडिलांना पदावरून दूर केलं होतं. चाळीस वर्षं झाली, तरी भांडण तेच.

मग खरंखोटं ओळखायचं तरी कसं? दुसऱ्या शतकात हा प्रश्न फार टोकदार झाला. ज्ञानवादी शिक्षक म्हणू लागले की प्रेषितांनी उघडपणे एक शिकवलं आणि निवडक शिष्यांच्या कानात दुसरंच सांगितलं. ते खरं ज्ञान आमच्यापाशी आहे. लियोंचा बिशप आयरेनियस ह्याने सुमारे १८० साली त्यांना उत्तर दिलं. तरुणपणी त्याने स्मुर्णाच्या पॉलिकार्पचं शिक्षण ऐकलं होतं, आणि पॉलिकार्पने योहानाला पाहिलं होतं असं तो सांगतो. त्याचा मुद्दा साधा आहे. प्रेषितांपाशी काही गुपित असतं, तर ते त्यांनी सर्वांत आधी ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच सांगितलं असतं. मग रोममध्ये, स्मुर्णात, इफिसात जाऊन विचारा. कोणानंतर कोण आला ह्याची नोंद आहे, आणि काय शिकवतात ते चारचौघांत शिकवतात.

ह्या उताऱ्यावर कॅथोलिक बंधू म्हणतात, पाहा, रोमच्या बिशपांची परंपरा. प्रोटेस्टंट बंधू म्हणतात, पाहा, प्रेषितांचं शिक्षण. आम्हाला विचाराल तर आयरेनियसने ह्या दोन गोष्टी वेगळ्या केल्याच नाहीत. आपण वाचताना जास्त ध्यान द्यावं ते त्याच्या ‘उघडपणे’ ह्या मुद्द्याकडे. आजही कोणी सांगत असेल की दोन हजार वर्षं लपलेलं सत्य फक्त आमच्या गुरूला कळलं, तर हे दुसऱ्या शतकातलंच दुकान आहे, पाटी तेवढी नवी.

शिक्षणाशिवाय आणखी एक खूण आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस ह्याला दुसऱ्या शतकाच्या आरंभी साखळदंड घालून मरणासाठी रोमला नेत होते. वाटेत त्याने सात पत्रं लिहिली. स्मुर्णाकरांना लिहिलेल्या पत्रात ‘कॅथोलिक मंडळी’, म्हणजे सार्वत्रिक मंडळी, हे शब्द आपल्याला लेखी स्वरूपात पहिल्यांदा सापडतात. त्याच पत्रात तो खोट्या शिक्षकांची ओळख सांगतो. ख्रिस्त खरोखर देहात आला हे त्यांना मान्य नाही, आणि विधवेची, अनाथाची, बंदिवानाची, भुकेल्याची त्यांना काळजी नाही. विश्वासातली चूक आणि भुकेल्याकडे फिरवलेली पाठ ह्या त्याने शेजारी शेजारी लिहिल्या. सुमारे १५५ मध्ये जस्टिनने रविवारच्या उपासनेचं वर्णन केलं, त्यातही हेच दिसतं: प्रेषितांच्या आठवणी वाचायच्या, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, जे आले नाहीत त्यांच्या घरी सेवकांच्या हाती वाटा पाठवायचा, आणि मग अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके ह्यांच्यासाठी वर्गणी.

बरं, सगळ्या मंडळ्यांत सगळं एकसारखं होतं का? मुळीच नाही. पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशी पाळायचा ह्यावर आशियाच्या मंडळ्या आणि रोम ह्यांचं जुळत नव्हतं. म्हातारा पॉलिकार्प रोमला गेला, बिशप अनिसेटसशी बोलला, कोणीच कोणाला पटवू शकलं नाही. तरी अनिसेटसने प्रभुभोजन चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघे शांतीने वेगळे झाले. पुढे रोमचा बिशप व्हिक्टर आशियाच्या मंडळ्यांशी संबंध तोडायला निघाला, तेव्हा आयरेनियसने त्याला हीच गोष्ट लिहून कळवली.

आता चिठ्ठीतल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तो आफ्रिकेत, कार्थेजमध्ये, शंभर वर्षांहून अधिक काळ पेटलेला होता. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने छळ सुरू केला. शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली करा असा हुकूम निघाला. कित्येकांनी जीव दिला पण ग्रंथ दिले नाहीत, आणि कित्येकांनी दिले. छळ थांबल्यावर सेसिलियन कार्थेजचा बिशप झाला. लगेच आरोप झाला की त्याला दीक्षा देणाऱ्यांपैकी फेलिक्सने ग्रंथ हवाली केले होते. म्हणून दीक्षा खोटी, सेसिलियन खोटा, आणि त्याच्यासोबत राहणारे सगळे खोटे. ह्या पक्षाला पुढे डोनाटसचं नाव पडलं. त्यांच्याकडे जो जाई त्याला ते पुन्हा बाप्तिस्मा देत. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला, तरी फूट मिटली नाही.

डोनाटसच्या लोकांना आपण हसण्यावारी नेऊ नये. त्यांच्या घरची माणसं छळात मेली होती. ज्याने शास्त्र जाळायला दिलं त्याच्या हातून भाकर घेणं त्यांना जड गेलं, ह्यात नवल काय? शिवाय आधाराला त्यांच्यापाशी सिप्रियन होता, कार्थेजचाच हुतात्मा बिशप. २५६ मध्ये त्याच्या सभेतल्या ८७ बिशपांनी ठरवलं होतं की मंडळीबाहेर झालेला बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. रोमचा स्टीफन विरोधात होता. मात्र मत वेगळं असलेल्या बिशपाशी सिप्रियनने सहभागिता तोडली नाही. डोनाटसच्या लोकांनी त्याचं मत उचललं, ही रीत उचलली नाही.

३१४ मध्ये आर्ल इथल्या सभेत ठरलं की बाहेरून येणाऱ्याला विश्वासाविषयी विचारावं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने त्याचा बाप्तिस्मा झाला असेल तर डोक्यावर हात ठेवावा, पुन्हा पाणी नको. पुढे ऑगस्टीनने ह्यामागचं कारण मांडलं: बाप्तिस्मा देणाऱ्या माणसाचा नसतो, ख्रिस्ताचा असतो. पाळक शुद्ध असला तरच बाप्तिस्मा खरा असं म्हटलं, तर कोणालाच कधी खात्री देता येणार नाही. त्याने मत्तय १३ मधला निदणाचा दाखला पुढे केला. गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्रच वाढतात.

पण इथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप समोरासमोर बसले. निकाल डोनाटसपक्षाच्या विरुद्ध गेला, आणि मग दंड बसवून, मालमत्ता जप्त करून त्यांना ‘आत आणण्याचं’ काम राज्याने केलं. निदण उपटू नका म्हणणाऱ्या ऑगस्टीननेच त्या सक्तीचं समर्थन केलं. त्याचा युक्तिवाद आम्हाला बरोबर वाटतो, पण ही सक्ती आम्हाला पटत नाही, आणि त्याच्याच दाखल्याशीही ती जुळत नाही.

तर ताई, देणाऱ्याची मंडळी चुकलेली होती म्हणून बाप्तिस्मा रद्द, हे कारण सासरचे पाळक देत असतील, तर ह्या वादाचा निवाडा तुमच्या बाजूने आहे. पौलाचा प्रश्नही तोच होता: कोणाच्या नावाने?

मात्र ते म्हणत असतील की तान्ह्या बाळाला विश्वास नसतो, म्हणून तो बाप्तिस्माच नव्हे, तर तो प्रश्न वेगळा आहे. तिथे वाद देणाऱ्याचा नाही, घेणाऱ्याचा आहे. सुमारे २०० साली टर्टुलियनने लेकरांचा बाप्तिस्मा लांबवावा असा सल्ला दिला. म्हणजे तेव्हा लेकरांना बाप्तिस्मा मिळत होता, आणि तो पसंत नसणारेही होते. ह्यावर प्रामाणिक ख्रिस्ती माणसं आजही दोन बाजूंना आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारत मंडळी झाली, तेव्हा तिने दोन्ही रीतींना जागा ठेवली.

म्हणून पाळकांना आधी एवढंच विचारा की ह्यांतलं कोणतं कारण त्यांच्या मनात आहे. आणि विचारायला जाताना आईला सोबत घेऊन जा.

पुढच्या वेळी राहून गेलेला विषय घेऊ: ३२५ ची निकियाची परिषद. चिठ्ठ्या मात्र आणत राहा.