जुन्या दुचाकीचा आवाज नेमका येतो कुठून?

बीबी (जि. बुलडाणा) : लोणार तालुक्यातील बीबी हे मेहकर-सिंदखेडराजा मार्गावरील गाव. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे तालुक्याचे ठिकाण, बाजारपेठ, दवाखाना वा शेत गाठताना येथील अनेक कुटुंबांची भिस्त जुन्या रस्त्यांवर आणि बहुधा तितक्याच जुन्या मोटारसायकलींवर असते. अशा गाडीतून एके दिवशी 'टक टक' ऐकू येऊ लागते. आठवडा उलटतो, आवाज जात नाही. 'इंजिन खोलावे लागेल' असा सल्ला मिळतो आणि घरातील एकमेव वाहन ऐन हंगामात गॅरेजमध्ये अडकून पडते. शहरातील वाचकांचाही अनुभव याहून फारसा वेगळा नसतो. प्रत्यक्षात अशा कित्येक आवाजांचे मूळ इंजिनाबाहेरच असते. उलट, ज्याकडे तातडीने लक्ष द्यायला हवे, तो आवाज 'जुनी गाडी, वाजणारच' म्हणून दुर्लक्षिला जातो.

चार स्ट्रोकच्या शंभर सीसी मोटारसायकलींचे युग आपल्याकडे १९८५ मध्ये हीरो होंडाच्या सीडी १०० पासून सुरू झाले. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. त्याच सुमारास वाळूजच्या कारखान्यामुळे बजाजच्या गाड्याही मराठवाडा-विदर्भाला परिचित झाल्या. हीरो आणि होंडा यांनी २०१० मध्ये फारकतीची घोषणा केली. तरी टाकीवर ते जोडनाव मिरवणाऱ्या गाड्या अजूनही रस्त्यावर दिसतात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. म्हणजे गाडीचे आयुष्य कागदोपत्रीही वाढू शकते. प्रश्न तिच्या प्रकृतीचा असतो.

कान का फसतो?

पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने जातो. हवेत हाच वेग जेमतेम ३४० मीटर असतो. एका टोकाला निर्माण झालेला ठोका सांगाड्यातून क्षणार्धात सर्वत्र पसरतो आणि जेथे पातळ पत्रा असेल तेथे मोठा होऊन ऐकू येतो. त्यामुळे टाकीखाली वाजते असे वाटणाऱ्या आवाजाचे मूळ सायलेंसरच्या सैल नटात असू शकते. शिवाय प्रत्येक भागाला स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते. इंजिनाची कंपने तिच्याशी जुळली की तो भाग थरथरू लागतो. एखादा आवाज ठरावीक वेगालाच येतो आणि पुढे-मागे नाहीसा होतो, तेव्हा संशय प्रथम मडगार्ड, चेनकव्हर, नंबरप्लेट, स्टँडची स्प्रिंग आणि सायलेंसरचे आवरण यांवर घ्यावा. इंजिन सुरू असताना हे भाग एकेक करून हाताने दाबून पाहावेत. सायलेंसर तापलेला असल्यास मात्र लाकडी दांड्याने. ज्यावर हात ठेवताच आवाज थांबतो, तोच अपराधी.

आवाज कोणाच्या तालावर नाचतो?

शोधाची पहिली पायरी म्हणजे आवाज इंजिनाच्या गतीशी बांधलेला आहे की चाकाच्या, हे ठरवणे. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर आवाज येत असेल, तर तो इंजिन, क्लच वा सायलेंसरचा. उभ्या गाडीत तो येत नसेल, तर मोकळ्या सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात क्लच दाबून इंजिन मंद होऊ द्यावे. तरीही आवाज त्याच तालात चालू राहिला, तर इंजिन निर्दोष समजावे. मग चेन, स्प्रॉकेट, चाकाचे बेअरिंग, ब्रेक लायनर आणि मीटरची केबल तपासावी.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. अठरा इंची रिमचे चाक ताशी १० किलोमीटर वेगात सेकंदाला सुमारे दीड फेरा घेते. हा ताल सहज मोजता येतो. ठोका याच तालात पडत असेल, तर दोष चाकात वा ब्रेकच्या ड्रममध्ये. तो सुमारे तिप्पट वेगाने पडत असेल, तर पुढच्या लहान स्प्रॉकेटकडे पाहावे. चाकाच्या दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा 'कट्' होत असेल, तर चेनची एखादी कडी आखडलेली असण्याचा संभव अधिक. मग इंजिन बंद करावे, गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, चाक हाताने सावकाश फिरवावे आणि चेनचा ढिलेपणा जागोजागी तपासावा. एके ठिकाणी ती ताठ आणि दुसरीकडे लोंबत असेल, तर चेन झिजली आहे. इंजिन चालू ठेवून चेनजवळ बोटे नेणे म्हणजे बोटे गमावण्यास निमंत्रण.

इंजिनाचे बोल

आवाज इंजिनाचाच निघाला, तर वैद्यकातील जुनी युक्ती कामी येते. फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोपची कल्पना काढली. अनुभवी मेकॅनिक तेच काम लांब स्क्रूड्रायव्हरने करतो: टोक इंजिनावर, मूठ कानाच्या हाडावर. हेड, सिलिंडर आणि क्रँककेस या ठिकाणी क्रमाने ऐकल्यास आवाज कोठे सर्वांत स्पष्ट आहे ते कळते.

हेडमधील बारीक, नियमित टकटक बहुधा टॅपेटची. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरते, म्हणून हा ताल इंजिनाच्या मानाने संथ असतो. सायलेंसरच्या तोंडाशी गॅस्केट गळत असेल तरीही असाच आवाज येतो. तेथे काजळी दिसते. रेस सोडताच होणारी खडखड टायमिंग चेनकडे बोट दाखवते. क्लच दाबताच जाणारा वा बदलणारा आवाज क्लच वा गिअरबॉक्सचा. सकाळी थंड इंजिनात येणारा आणि गरम झाल्यावर विरणारा पोकळ आवाज झिजलेल्या पिस्टनचा असू शकतो. चढावर वरच्या गिअरमध्ये येणारी आणि गिअर उतरवताच थांबणारी किणकिण मात्र सैल भागाची नसते. ती इंधन अवेळी जळल्याची खूण आहे.

टॅपेटबाबत एक इशारा महत्त्वाचा. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट अधिक घट्ट केल्यास व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, तप्त वायू त्याच्या कडेने निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. गाडी गप्प होते, पण आतून खंगत जाते. किंचित वाजणारा टॅपेट त्या मानाने निरुपद्रवी. हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ते थंड इंजिनात, पुस्तिकेतील आकड्यानुसार आणि फीलर गेजनेच ठेवावे, अंदाजाने नव्हे.

केव्हा थांबावे?

क्रँककेसमधून येणारा आणि भार पडताच वाढणारा जड 'ठक ठक' हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. अशी गाडी पुढे दामटल्यास इंजिन जाम होऊन चाक अडकण्याचा धोका आहे. चाकातील घरघर आणि हाताने हलवल्यावर जाणवणारा खेळ, ब्रेक लावताच हँडलच्या कोनसेटमध्ये बसणारा धक्का, दात वाकडे झालेले स्प्रॉकेट, ही कामेही उद्यावर ढकलण्याजोगी नाहीत.

खर्चाच्या आधी दोन साध्या गोष्टी कराव्यात. ऑइलची पातळी पाहावी. या इंजिनांत ऑइल एक लिटरच्या आसपासच असते, म्हणून थोडी घटही जाणवते. आणि आवाज कधी येतो, याची नोंद ठेवावी: गाडी थंड की गरम, वेग किती, गिअर कोणता, मागे ओझे होते की नाही. दुरुस्ती करताना एका वेळी एकच भाग बदलावा आणि गाडी चालवून पाहावी. चार भाग एकदम बदलल्यास आवाज थांबेलही. पण दोष कोणता होता ते कधीच कळत नाही आणि तीन भागांचे पैसे वाया जातात.