शिपायाच्या कमरेचे पाणी

आपल्याकडील वाड्यांतून, संस्थानिकांच्या शिलेखान्यांतून आणि पुढे वस्तुसंग्रहालयांतून तलवारी, कट्यारी, दांडपट्टे आणि पदके यांचे जतन ज्या आस्थेने झाले, त्या आस्थेचा शतांशही साध्या शिपायाच्या अंगावरील नित्याच्या सरंजामाच्या, म्हणजे त्याच्या पाण्याच्या बाटलीच्या, हॅवरसॅकच्या, मेसटिनाच्या आणि वेबिंगच्या पट्ट्यांच्या वाट्याला आला नाही. शस्त्र हे पराक्रमाचे चिन्ह, म्हणून ते माजघरात मानाने टांगले जाते आणि दसऱ्याला त्याची पूजा होते. बाटलीला पोचे आले की ती भंगारात जाते. वस्तुतः शिपायाच्या आयुष्यात शस्त्र चालविण्याचे क्षण मोजके आणि तहानेचे प्रहर अगणित. त्यामुळे गेल्या दीडशे वर्षांतील मराठी शिपाई कोठे गेला, कोणाच्या हुकमतीखाली गेला, त्याला कसे वागविले गेले आणि परतल्यावर त्याचे काय झाले, याचा शोध घ्यावयाचा तर त्याच्या कमरेला लटकणाऱ्या या बाटलीइतका सरळ बोलणारा दस्तऐवज दुसरा नाही, अशी या वस्तू जमविता जमविता माझी पक्की धारणा झाली आहे.

जुन्या फौजांत पाणी पुरविणे हे खात्याचे काम असे. राजदरबारी आबदारखाना, तर छावणीत पखालवाले आणि भिस्ती. बैलांच्या नि खेचरांच्या पाठीवर लादलेल्या पखाली आणि भिस्त्याच्या पाठीवरची मशक यांवर सारे लष्कर जगे. कंपनी सरकारच्या पलटणींतही हीच वहिवाट चालू राहिली. त्याखेरीज हिंदू शिपाई आपला पितळी लोटा स्वतःबरोबर बाळगी, कारण मशकीतले पाणी कित्येकांस धर्मदृष्ट्या चालत नसे. या लोट्याने इतिहासात एकदा फार मोठे स्थान पटकाविले. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्यानजीक डमडम येथे एका हलक्या मानलेल्या जातीच्या खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ त्याच्या लोट्यातील पाणी मागितले, शिपायाने जातीचे कारण सांगून ते नाकारले, आणि त्यावर खलाशाने, लवकरच चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागतील तेव्हा ही जात कोठे राहील, असा प्रश्न त्याच्या तोंडावर फेकला, ही हकीगत त्या काळच्या सरकारी पत्रव्यवहारात नमूद आहे. बंडाची कारणे अर्थातच पुष्कळ आणि खोल होती. तरी काडतुसांची वार्ता शिपायांच्या कानी गेली ती एका घोटभर पाण्यावरून झालेल्या बोलाचालीतून, ही गोष्ट जुन्या लोट्यांकडे पाहताना माझ्या मनातून जात नाही.

सरकारने प्रत्येक शिपायाला स्वतंत्र बाटली द्यावयाची ही रीत विलायती सैन्याकडून आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे लाकडी बाटल्या होत्या, आणि शतक सरता सरता त्यांची जागा एनॅमल चढविलेल्या लोखंडी बाटलीने घेतली. या वंशातील मार्क-६ ही बाटली पहिल्या महायुद्धात लक्षावधींच्या संख्येने निघाली. माझ्यापाशी असलेल्या बाटलीचे एनॅमल गडद निळे आहे; जेथे टवका उडाला आहे तेथे लोखंडावर तांबूस गंजाचे वर्तुळ उमटले आहे. शिपायाच्या कमरेशी नीट बसावी म्हणून तिची एक बाजू किंचित आत वळलेली आहे. तिच्यात दोन पिंटांच्या आसपास, म्हणजे लिटरहून थोडे अधिक पाणी मावते. सर्वांगावर खाकी नमद्याचे वेष्टन शिवलेले आहे, आणि हे वेष्टन ओले ठेवले की आतले पाणी माठातल्याप्रमाणे गार राही. बूच साध्या लाकडी सालीचे, सुतळीने गळ्याशी बांधलेले, कारण धावपळीत हरवलेले बूच म्हणजे सांडलेले पाणी. नमद्याच्या शिवणीजवळ शाईने उमटविलेला पलटणीतील नंबर होता. त्याचे शेवटचे दोन आकडेच आज वाचता येतात. या दोन आकड्यांनी मला जितका वेळ खिळवून ठेवले आहे तितका कोणत्याही मुठीवरील सोन्याच्या कोफ्तगरीने ठेवलेले नाही.

ही बाटली ज्या मुलखात गेली तो मुलूख म्हणजे मेसोपोटेमिया. जनरल टाऊनशेंड याच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी कुट येथे या फौजेस तुर्कांनी वेढा घातला, तो १४७ दिवस चालला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांसह ती शरण गेली. पुढे वाळवंटातून चालविलेल्या कैद्यांपैकी किती जण तहानेने आणि उपासमारीने वाटेत पडले याचे वर्णन वाचताना मन सुन्न होते. त्या मोहिमेत नदी जवळ असूनही पिण्याजोगे पाणी दुर्लभ होते. तैग्रिसचे गढूळ पाणी पखालींतून आणि पत्र्याच्या टाक्यांतून खेचरांवर वाहून आघाडीवर नेत, आणि पटकीची साथ शिपायांत व सेनापतींत भेद करीत नसे. बगदाद जिंकणारा जनरल मॉड हा १९१७ च्या नोव्हेंबरात त्याच शहरात पटकीने वारला. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाला ‘मिलिटरी’ हे उपपद लागले ते त्या महायुद्धात तेथून गेलेल्या माणसांमुळे. अशा अनेक गावांच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत, या गावातून इतके गेले आणि त्यांतील इतके मेले, एवढेच सांगणारी संगमरवरी पाटी सरकारने बसविली आहे. पाटीवर आकडे आहेत, नावे नाहीत. नंबर उमटविलेल्या बाटल्या त्या गावांतून कधी नि कोणत्या भंगारवाल्याकडे गेल्या, याचा जमाखर्च कोणीच ठेवला नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपायांची परंपरा जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने त्यांची भरती बंद केली, १९१७ साली निकड भासताच १११ वी महार पलटण उभारली आणि युद्धानंतर काही वर्षांतच ती मोडून टाकली. पलटणीत असताना या शिपायाच्या खांद्यावर सरकारने दिलेली बाटली होती आणि तीत भरलेल्या पाण्यावर त्याचा हक्क निर्विवाद होता. पेन्शन घेऊन तो कोकणातील आपल्या गावी आला की गावच्या विहिरीचा काठ त्याला बंद होता. स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी उचलले गेले, त्या घटनेची पार्श्वभूमी लिहिणाऱ्याने या खाकी नमद्याच्या बाटलीकडेही एकवार पाहावे असे मला कळकळीने वाटते, कारण माणसाला पाणी मोजून पण बरोबरीने देता येते, याचा अनुभव कित्येक घराण्यांनी प्रथम छावणीत घेतला होता. पुढे १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली.

दुसऱ्या महायुद्धाचा सरंजाम आजही तुलनेने हाती लागतो, आणि संग्राहकाचे खरे शिक्षण त्यावरच होते. १९०८ सालच्या नमुन्यापासून विलायती सैन्याने चामडे सोडून सुती वेबिंग पत्करले होते. ते मिल्स कंपनीच्या खास मागांवर हव्या त्या ठिकाणी रुंद, हव्या त्या ठिकाणी अरुंद असे अखंड विणले जाई. १९३७ चा नमुना हा त्याचाच सुटसुटीत वारसदार. युद्ध पेटल्यावर मागणी इतकी वाढली की हिंदुस्थानातील कारखान्यांनाही हे काम देण्यात आले. येथे तसे खास माग मुबलक नव्हते. तेव्हा आपल्या कारागिरांनी सरळ विणलेली पट्टी कापून, दुमडून, जोडून, शिवून तोच आकार सिद्ध केला. अशा मालावर सरकारी मालकीचा बाण आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’ हे अक्षर ठोकलेले असते. कॅनडाच्या मालावर बाणाभोवती ‘सी’ असे अक्षर येते, ऑस्ट्रेलियाच्या मालावर बाणाच्या दोहों बाजूंस ‘डी’. परदेशी संग्राहक दीर्घकाळ या हिंदुस्थानी वेबिंगला ओबडधोबड म्हणून दुय्यम लेखीत आले, आणि आपल्यातील काही जण त्यांचीच री ओढतात. मला हा निवाडा मान्य नाही. जाड दोऱ्याच्या त्या दुहेरी शिवणीत, अपुऱ्या साधनांवर लष्कराची गरज वेळेवर भागविणाऱ्या एका अनाम शिंप्याची बुद्धी दिसते. मिल्सच्या निर्दोष विणीत यंत्राची दिसते. इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी सहकाऱ्यांना वाचविणारे शिपाई नामदेव जाधव यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसची आपण योग्य ती वाखाणणी करतो. त्यांच्या पलटणींनी कमरेला बांधलेल्या १९३७ च्या नमुन्याच्या पट्ट्यांपैकी कोठलाही पट्टा कोणी मुद्दाम जपलेला मला आढळला नाही.

बर्माच्या आघाडीने या सरंजामाची सत्त्वपरीक्षा घेतली. १९४४ च्या मार्चात मणिपूरमधील सांगशाक येथे हिंदुस्थानी छत्रीधारी ब्रिगेडबरोबर चौथी मराठा पलटण जपान्यांच्या वेढ्यात लढत राहिली. डोंगरमाथा इतका खडकाळ की खंदक खोल जाईना, पाण्याचा तुटवडा तीव्र, आणि विमानांतून टाकलेली रसद बहुतांशी शत्रूच्या हाती पडे. २६ मार्चच्या रात्री उरलेल्यांनी वाट काढली. या झुंजीने जपान्यांचे जे दिवस खाल्ले ते इंफाळ आणि कोहिमा यांच्या बचावास उपयोगी पडले. शिपायाला त्या काळी पाणी निर्जंतुक करण्याच्या गोळ्यांची डबीही मिळत असे; तीत दोन लहान बाटल्या, एकीतील गोळी जंतू मारी आणि दुसरीतील गोळी पहिलीची घाण चव घालवी. एनॅमलची जड, टवके उडणारी बाटली जंगलात निरुपयोगी ठरू लागल्यावर १९४४ च्या नव्या नमुन्यात अमेरिकन धर्तीची ॲल्युमिनियमची बाटली आली, जिच्या बुडाला त्याच आकाराचा पेला बसतो. मूळ अमेरिकन बाटली १९१० सालची, एक क्वार्ट मापाची. युद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळल्यामुळे १९४२ साली अमेरिकनांनी तीच बाटली एनॅमल, प्लॅस्टिक आणि मग स्टेनलेस स्टीलमध्ये काढून पाहिली. कारखान्याचे नाव आणि साल ठोकलेले असल्याने धातूच्या टंचाईचा सारा आलेख बाटलीवरच वाचता येतो.

युद्ध संपले आणि हा अवाढव्य साठा एकाएकी बेवारस झाला. १९४६ साली अमेरिकन सैन्याचा हिंदुस्थानातील शिल्लक माल करारान्वये येथील सरकारकडे आला, आणि सरकारी लिलावांतून ठेकेदारांकडे, ठेकेदारांकडून कलकत्त्याच्या बाजारांत, मुंबईत मटन स्ट्रीटवरील चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात असा त्याचा प्रवास सुरू झाला. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, लष्करी आगारांतून लिलावात निघालेला माल एके काळी गोणपाटावर ढिगांनी पडलेला असे, आणि विकणारे तो नगावर न विकता वजनावरच विकत. पुढच्या पिढीने त्याला निराळाच उपयोग शोधला. सह्याद्रीतील गडकोट पालथे घालणाऱ्या हौशी गिरिभ्रमणकारांजवळ तेव्हा परदेशी साधने नव्हती; हंटर शूज, लष्करी हॅवरसॅक आणि नमद्याची बाटली एवढ्यावर राजगड-तोरण्याच्या वाऱ्या झाल्या. १९४८ साली स्थापन झालेल्या एनसीसीच्या छात्रांनी त्याच १९३७ च्या नमुन्याचे पट्टे ब्लँकोने रंगवून आणि पितळी आकडे ब्रासोने चमकावून परेड केली, आणि खुद्द आपल्या सैन्यानेही तो नमुना स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षे वापरला. ज्या वस्तूचा इतका उपभोग घेतला गेला ती वस्तू झिजून संपली, यात दोष कोणाचाच नाही.

हल्ली मात्र चित्र पालटले आहे. विलायतेत आणि अमेरिकेत या वस्तूंचा अभ्यास दाट झाला, त्यांवर सचित्र ग्रंथ निघाले, आणि जुन्या युद्धांचे देखावे उभे करणाऱ्या मंडळींची मागणी भागविण्यासाठी नव्या प्रतिकृती बनू लागल्या. त्यांतील बऱ्याचशा आपल्याच देशात शिवल्या जातात. त्यामुळे खोटी वस्तू ओळखण्याची विद्या येथेही आवश्यक झाली आहे. नवे कापड सर्वत्र एकसारखे मळविलेले असते. खरा पट्टा आकड्याच्या खाली, जेथे ऊन लागले नाही तेथे, गडद राहतो आणि कडेला फिका पडतो. शिक्का फार ठळक व नवा दिसला तर संशय घ्यावा. बाणाखाली ‘आय’ असलेला खरा माल आता परदेशी जात आहे, कारण तेथील काही जाणत्यांना त्याची किंमत अखेर कळली. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तूंत इतिहास पाहिला आणि त्यांचे संग्रहालय उभे केले. त्याच दृष्टीने शिपायाच्या सरंजामाकडे पाहणारे एखादे दालन महाराष्ट्रात असावयास हवे, आणि त्यास लागणाऱ्या वस्तू अद्याप कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीच्या माळ्यांवर पडून आहेत, याबद्दल मला शंका नाही.

ज्यांच्या घरी अशी वस्तू असेल त्यांनी ती चकचकीत करू नये. एनॅमल घासू नये, नमदा साबणाने धुऊ नये, पितळेवरील काळपटपणा खरवडू नये. गंज वाढत असेल तर कोरडे, सैल कापड गुंडाळून दमट जागेपासून दूर ठेवावी. पंजोबांची पलटण, त्यांचा नंबर, ते गेले ती आघाडी, परतले ते साल, आणि बाटलीविषयी घरात जे काही सांगितले जाई ते, घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून साध्या कागदावर शाईने लिहावे आणि तो कागद एका पाकिटात घालून बाटलीच्या बंदाला बांधून ठेवावा.