शिक्षा आईला, भोग लेकरांना

सरकारी योजनांचे पैसे आता घरोघरी येतात. आमच्या रनाळ्यातही येतात. म्हाताऱ्यांना, विधवांना, अपंगांना त्यांचा मोठा आधार होतो. हे पैसे म्हणजे भीक नव्हे. तो हक्क आहे. पण हक्क कोणाचा, याला नियम असतात. नियम मोडून पैसे घेतले तर काय होते? चला, पाहू.

समजा, एक विधवा बाई आहे. तिच्या पदरी दोन लेकरे आहेत. संजय गांधी निराधार योजनेतून तिला महिना १५०० रुपये मिळत होते. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. तिचेही महिना १५०० रुपये. पण दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढे पैसे मिळत असतील, तर या योजनेचे मिळत नाहीत. तसा नियम आहे. कोणी तरी म्हणतो, "ताई, टाका अंगठा. कोण बघतंय?" बाई अंगठा टाकते. वर काय लिहिले आहे, ते तिने वाचलेले नसते.

पण बघणारे असतात. आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. आता त्या आधार नंबरावरून निरनिराळ्या योजनांच्या याद्या ताडून पाहतात. जुलै २०२५ मध्ये सरकारने सांगितले, की लाडकी बहीण योजनेत २६ लाख ३४ हजार नावे अपात्र दिसतात. त्यांचे हप्ते जूनपासून थांबवले.

हप्ता थांबणे वेगळे आणि गुन्हा वेगळा. न कळता चूक झाली, तर ती फसवणूक नव्हे. जाणूनबुजून खोटे सांगून पैसे घेतले, तर ती फसवणूक. "मी वाचलंच नव्हतं," हे कोर्टात पटवणे सोपे नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये सातारा जिल्ह्यात एका जोडप्याला पोलिसांनी पकडले. निरनिराळे आधार नंबर देऊन सुमारे तीस अर्ज भरले, असा आरोप होता. अशा फसवणुकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग लेकरांचे काय? आई तुरुंगात गेली, तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तसे ठरवून दिले आहे. मोठी मुले मात्र मामाकडे जातात, आजीकडे जातात, नाही तर बालगृहात. आम्ही पुष्कळ वर्षे शाळा चालवली. घरचे माणूस तुरुंगात गेले, की मूल मागच्या बाकावर जाऊन बसते. पुढे शाळेतच येत नाही. हे आम्ही पाहिले आहे. गुन्हा त्याचा नसतो, पण शिक्षा तेही भोगते.

कायद्यात यावर एक वाट आहे. १९५८ साली प्रोबेशनचा कायदा झाला. गुन्हा शाबीत झाला, तरी गुन्हा कसा आहे, माणूस कसा आहे, हे न्यायाधीश पाहतात. चांगल्या वागणुकीची हमी घेऊन ते घरी सोडू शकतात. नुकसान भरून द्यायलाही लावू शकतात. ही सवलत मिळेलच असे नाही. पण वकिलाने ती मागावी. बायकांना आणि आदिवासींना सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

दक्षिण आफ्रिकेत २००७ साली असाच प्रश्न आला. तीन मुलांना एकटीने सांभाळणारी एक आई फसवणुकीत दोषी ठरली होती. तिथल्या घटना न्यायालयाने तिला पुन्हा तुरुंगात धाडले नाही. देखरेखीखाली घरी ठेवले आणि लुबाडलेले पैसे फेडायला लावले. शिक्षा ठरवताना मुलांचाही विचार झाला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. आई सुटली नाही, पण मुलांचे घर मोडले नाही.

मंडळी, आपल्या हाती दोन गोष्टी आहेत. चुकून जास्त पैसे आले असतील, तर तहसील कचेरीत लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि कोणाचे आईबाप तुरुंगात असतील, तर त्यांच्या मुलांना टोचून बोलू नका. त्यांना हाताला धरून शाळेत पोचवा.

तुम्हाला आता वाचता येते. कागद आधी वाचा. मगच सही करा.